चार्ली पार्करची जयंती : सुरांची की सुईची?

(एका चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर तो लिहिणाऱ्याने घेतलेले नाव आहे.)

पूर्वांग

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या जन्मदिवशी, म्हणजे २९ ऑगस्टला, एक मराठी लेख पुष्कळांनी एकमेकांना पाठवला आणि फिरत फिरत तो माझ्यापर्यंतही आला. त्याचा मथितार्थ असा की, पार्कर हा हेरॉइनने घडवलेला प्रतिभावंत होता, ती नशा नसती तर बीबॉप ही जॅझची शैली जन्मालाच आली नसती, आणि चौतिसाव्या वर्षी येणारा मृत्यू ही अशा प्रतिभेने मोजायचीच किंमत असते. लेखात त्याच्या एकाही ध्वनिमुद्रणाचे नाव नाही, एकाही सहवादकाचा उल्लेख नाही. सुई मात्र परिच्छेदागणिक येते. ज्याची जयंती साजरी करायची त्याच्या कामाबद्दल अवाक्षर न काढता त्याच्या व्यसनाचे गोडवे गाणे हा त्या माणसाचा अपमान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पार्कर घडला कसा हे समजून घ्यायचे तर १९३६ सालच्या कॅन्सस सिटीपासून सुरुवात करावी लागते. जेमतेम सोळा वर्षांचा हा पोरगा रीनो क्लबमध्ये काउंट बेसीच्या वादकांबरोबर वाजवायला उभा राहिला, मध्येच चुकला, आणि ड्रमवादक जो जोन्सने झांज काढून त्याच्या पायांशी फेकली. सगळे हसले. पुढच्या उन्हाळ्यात तो ओझार्कच्या डोंगराळ भागात वाजवायला गेला, तेव्हा त्याने सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या तबकड्या बरोबर नेल्या आणि त्यातले एकल तुकडे कानाने उतरवून घोटून घोटून बसवले. १९५४ मध्ये सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडने त्याची रेडिओवर मुलाखत घेतली (हाच डेझमंड पुढे १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेकबरोबर मुंबईत वाजवून गेला). त्या मुलाखतीत पार्करने सांगितले की, तीन-चार वर्षे आपण दिवसाला ११ ते १५ तास रियाझ करत होतो, आणि त्या आवाजाला विटलेल्या शेजाऱ्यांनी आईला घर सोडायला लावण्याची धमकी दिली होती.

१९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. जिमीज चिकन शॅक या खाणावळीत तो भांडी विसळायचा, आणि तिथे पियानोवर आर्ट टेटम असायचा. त्याच वर्षाच्या अखेरीस गिटारवादक बिडी फ्लीटबरोबर ‘चेरोकी’ हे गाणे वाजवताना त्याला उमगले की, कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीच्या) वरच्या अंगाचे स्वर, म्हणजे नववा, अकरावा, तेरावा, हेच मुख्य धरून धून बांधली आणि खाली त्यांना साजेशा कॉर्ड दिल्या, तर कित्येक दिवस आपल्या डोक्यात ऐकू येणारे वाद्यावर उतरते. ही जाणीव सुईतून आली असे म्हणणाऱ्याने आधी त्या ११ तासांचा हिशेब द्यावा. स्वतः पार्करने १९४९ मध्ये ‘डाउनबीट’ मासिकाला सांगितले होते की, गांजा, सुई किंवा दारू यांच्या अमलाखाली आपण अधिक चांगले वाजवतो असे म्हणणारा वादक सरळसरळ खोटे बोलतो. त्याच्या जयंतीला निदान त्याचे तरी ऐकावे.

सम

आपला संताप प्रामाणिक आहे, पण आपण सांगितलेली गोष्ट अर्धीच आहे. नोव्हेंबर १९३६ मध्ये ओझार्कलाच जाताना पार्करच्या गाडीला अपघात झाला, त्याच्या बरगड्या मोडल्या आणि वेदनाशामक म्हणून मॉर्फिन त्याच्या आयुष्यात आले, हे आपण वगळलेत. म्हणजे ज्या वर्षांचा रियाझ आपण अभिमानाने मांडता, त्याच वर्षांत व्यसनही मूळ धरत होते. दोन्ही एकाच शरीरात, एकाच खोलीत घडत होते. तुम्ही एक निवडलेत आणि त्या लेखकाने दुसरे. पद्धत दोघांची सारखीच आहे.

शिवाय पार्करने स्वतः आपले व्यसन लपवले नव्हते. मार्च १९४६ मध्ये त्याने ‘मूस द मूच’ ध्वनिमुद्रित केले, आणि ते नाव त्याला लॉस एंजेलिसमध्ये हेरॉइन पुरवणाऱ्याचे टोपणनाव होते. आणि ‘लव्हर मॅन’चे तुम्ही काय करणार? २९ जुलै १९४६ च्या त्या मुद्रणात पियानोची सुरुवात संपते, सॅक्सोफोनने उचलायची जागा येते आणि तिथे पार्कर नसतो. काही मात्रा रिकाम्या जातात. मग एक कापरा, तुटका सूर येतो आणि जणू भिंत धरून चालावे तसा पुढे सरकतो. त्या रात्री हॉटेलातल्या त्याच्या खोलीला आग लागली, त्याला अटक झाली आणि पुढचे सहा महिने त्याने कॅमरिलोच्या मनोरुग्णालयात काढले. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या वेगवान कारागिरीपेक्षा ते तीन मिनिटांचे वादन मला अधिक खरे वाटते. ते वेदनेशिवाय येत नाही, आणि ही वेदना कुठून आली हे विचारण्याचा हक्क श्रोत्याला आहे. आपल्याकडे कलावंत गेला की त्याचा संत करून टाकण्याची घाई असते, तशी ती पार्करच्या बाबतीत तरी करू नये.

पूर्वांग

‘लव्हर मॅन’ पुढे येणार याची मला खात्रीच होती. डायल या ध्वनिमुद्रण कंपनीच्या रॉस रसेलने ते मुद्रण बाजारात आणले याचा पार्करला आयुष्यभर राग होता. ते कधीच बाहेर यायला नको होते, असे त्याचे म्हणणे होते. पुरवठादार तुरुंगात गेल्यामुळे हेरॉइन बंद, त्याच्या जागी बाटल्याच्या बाटल्या व्हिस्की, आणि उभे राहता यावे म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी दिलेल्या औषधाच्या गोळ्या, अशा अवस्थेत माइकसमोर धरून ठेवलेल्या माणसाचे ते वादन आहे. त्याला तुम्ही ‘अधिक खरे’ म्हणता, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्याला स्वतःला ते ऐकवत नव्हते, त्याच्याच जयंतीला ते त्याचे सर्वश्रेष्ठ म्हणून ऐकवायचे?

तुमच्या तर्काची परीक्षाही घेता येते. जानेवारी १९४७ च्या अखेरीस तो कॅमरिलोतून बाहेर पडला तेव्हा वजन वाढलेले होते, तब्येत सुधारलेली होती आणि अंगात नशा नव्हती. लगेचच्या महिन्यात मुद्रित झालेले ‘रिलॅक्सिन ॲट कॅमरिलो’ ऐका. बारा मात्राखंडांचा साधा ब्लूज, पण त्याच्या मुखड्याचे वजन असे आडवळणाचे आहे की सोबतच्या कसलेल्या वादकांचीही बसवताना दमछाक झाली. नशा हेच त्याच्या प्रतिभेचे इंधन असते, तर हे वाद्य तेव्हा मुके पडायला हवे होते.

काळी चार

मी जॅझची जाणकार नाही. ख्याल शिकले आणि आता शिकवते. परंतु या वादाचे एक टोक आमच्या घरातून गेलेले असल्यामुळे लिहीत आहे.

माझे थोरले काका पेटी वाजवत. नाटक मंडळीबरोबर हिंडत, आणि मंडळी बंद पडल्यावर गावोगावच्या मैफलींत साथ करत. त्यांचा हात असा होता की गवयाने घेतलेली तान संपायच्या आत तिचे प्रतिबिंब पेटीतून उमटे. काका प्यायचे, आणि प्यायल्यावरच त्यांची पेटी खुलते अशी त्यांची ख्याती पंचक्रोशीत झाली होती. त्यामुळे यजमान मैफलीआधी त्यांच्यासमोर बाटली ठेवू लागले. काकूने एका यजमानांना हात जोडून सांगितले होते की, यांना आज देऊ नका. त्यावर त्या गृहस्थांनी हसून उत्तर दिले की, वहिनी, मग आम्ही पेटी कोणाची ऐकायची? काका घरी सकाळी चहाच्या आधी, अंघोळ करून, शुद्धीवर असताना जे वाजवत, ते मी लहानपणी दाराशी बसून ऐकले आहे. रात्रीच्या मैफलीत त्यातले निम्मेही नसे. सकाळचे ऐकायला कोणी येत नव्हते, एवढाच फरक. काका पन्नाशीच्या आत गेले, आणि त्यांच्या शोकसभेतही एका वक्त्याने त्यांच्या पिण्याचे किस्से रंगवून सांगितले.

‘सम’ यांना एवढेच विचारायचे आहे की, वेदना कुठून आली हे विचारण्याचा हक्क श्रोत्याला आहे असे तुम्ही म्हणता, मग ती वेदना चालू ठेवण्यात श्रोत्याचा हात किती, हे विचारण्याचा हक्क कोणाला आहे?

सम

आपल्या काकांबद्दल वाचून वाईट वाटले आणि त्याबद्दल मी काहीही वावगे बोलणार नाही. पण एका घरातल्या दुःखाने वादाचा निकाल लागत नाही, आणि मी बाटली पुढे करणाऱ्या यजमानांच्या रांगेत बसलेलो आहे असे सुचवले जाणे मला मान्य नाही. मी कुठेही व्यसनाचे कौतुक केलेले नाही.

माझा मुद्दा असा आहे की, व्यसन वगळले की व्यवस्थाही सुटते. १९५१ मध्ये अमली पदार्थांच्या कारणावरून न्यूयॉर्कमध्ये पार्करचे कॅबरे कार्ड काढून घेण्यात आले. त्या परवान्याशिवाय दारू विकणाऱ्या क्लबात वाजवता येत नसे, आणि जॅझ तर तिथेच वाजत असे. डिसेंबर १९४९ मध्ये त्याच्या ‘बर्ड’ या टोपणनावावरून ‘बर्डलँड’ नावाचा क्लब उघडला, आणि दोन वर्षांत त्या नावाच्या धन्यालाच तिथे वाजवण्याची मुभा राहिली नाही. पियानोवादक थेलोनियस मंक आणि गायिका बिली हॉलिडे यांचेही परवाने असेच गेले. आजारी माणसाला उपचार देण्याऐवजी त्याची भाकरी काढून घेणारी ही व्यवस्था होती, आणि तिचा बडगा काळ्या वादकांवर किती जोरात बसला हे सर्वांना ठाऊक आहे. पूर्वांग यांच्या ११ तासांच्या रियाझकथेत या सगळ्याला जागाच नाही. ती कथा शाळेच्या पाठ्यपुस्तकात शोभेल.

पूर्वांग

पाठ्यपुस्तकात पार्करचा रियाझ आला तर मला आनंदच होईल. कॅबरे कार्डाचा मुद्दा मात्र मान्य करणे भाग आहे. तो माझ्या लेखनात यायला हवा. पण लक्षात घ्या, ज्या लेखावर मी चिडलो आहे त्यात हा परवाना नाही, पोलीस नाहीत, वर्णद्वेषही नाही. त्यात फक्त एक शापित देवदूत आहे.

नाट्यरसिक

आपण सगळे सुईभोवती फिरत आहात आणि ‘सुरांची जयंती’ हे शब्द कोणीही तपासून पाहत नाही. ते सूर कोणाचे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘ऑर्निथॉलॉजी’ हे ‘हाउ हाय द मून’च्या कॉर्डवर बांधलेले आहे, ‘अँथ्रोपॉलॉजी’ गर्शविनच्या ‘आय गॉट रिदम’वर, आणि ‘को-को’ रे नोबलच्या ‘चेरोकी’वर. ‘को-को’चा पहिला, अर्धवट राहिलेला प्रयत्न आज ऐकायला मिळतो. २६ नोव्हेंबर १९४५, सॅव्हॉय कंपनीचे मुद्रण. प्रास्ताविक तुकडा संपतो, वादक ‘चेरोकी’ची मूळ धून सुरू करतात, आणि लगेच टाळ्या वाजवून, शीळ घालून सगळ्यांना थांबवले जाते. पुढच्या प्रयत्नात धून गायब आणि फक्त तिच्या कॉर्ड शिल्लक. याचे कारण बहुतेक अभ्यासक एकच देतात : मूळ धून वाजली असती तर तिच्या रचनाकाराला मानधन द्यावे लागले असते.

आता आपल्याकडे पाहा. किर्लोस्करांपासूनची संगीत नाटकांची पुस्तके उघडा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात छापलेले असते, ‘चाल : अमुक’. ती चाल कानडी पदाची असो, लावणीची असो की बंदिशीची, प्रेक्षकाला आणि गायकाला मूळ कुठले ते उघड सांगितलेले असे. बखलेबुवांनी ‘स्वयंवर’ला चाली दिल्या तेव्हा बंदिशींचे ऋण लपवले नाही. पार्करच्या तबकडीवर असे एक अक्षर तरी छापलेले दाखवा. ज्याला आपण नवनिर्मिती म्हणून डोक्यावर घेता, तिच्या पायाखाली दुसऱ्याचे घर आहे.

मिझुरीवासी

मी बरीच वर्षे कॅन्सस सिटीत राहतो आणि इथल्या वादकांत माझी ऊठबस आहे, म्हणून नाट्यरसिक यांच्या आरोपाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. धून ही कायद्याने रचनाकाराची मालमत्ता असते. कॉर्डची उतरंड तशी मानली जात नाही. ‘आय गॉट रिदम’च्या कॉर्ड १९३० च्या दशकापासून वादकांची सार्वजनिक वापराची वस्तू होत्या, आणि त्या कोणत्या गाण्याच्या हे प्रत्येक वादक आणि अर्धा श्रोतृवर्ग ऐकताच ओळखत असे. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. तुमच्या संगीत नाटकांनी तर संपूर्ण धून उचलली आणि वर शब्द बदलले. पार्करने धून सोडली आणि नवी लिहिली. या दोहोंत कोणाचे काम अधिक स्वतंत्र, हे आपणच ठरवा. ‘को-को’मध्ये चौसष्ट मात्राखंडांची दोन आवर्तने पार्कर अशा वेगाने वाजवतो की त्या काळच्या बहुतेक सॅक्सोफोनवादकांना त्या गतीला नुसते टिकून राहणे अवघड होते, आणि त्यातला एकही स्वर रे नोबलचा नाही.

मानधन वाचवण्याचा फायदाही कंपनीला झाला, पार्करला नाही. तीन मिनिटांच्या एका बाजूसाठी वादकांना ठरलेली रक्कम मिळे आणि प्रकरण तिथेच संपे.

नाट्यरसिक

‘उचलली’ हा शब्द मी पदकर्त्यांसाठी ऐकून घेणार नाही. ज्यांनी कंसात मूळ चाल छापली, ते उचलणारे कसे? उचलणारा नाव लपवतो. आणि पार्करच्या वर्तुळातली नावांची काळजी किती होती, याचा नमुना ‘डोना ली’ आहे. ती रचना पार्करच्या नावावर आहे आणि माइल्स डेव्हिस अखेरपर्यंत सांगत राहिला की ती आपली आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या हुशार पोराचे श्रेय त्याच्या म्होरक्याच्या नावावर गेले, आणि त्याबद्दल जयंतीच्या लेखात कोणी बोलत नाही.

मांडवीकाठ

श्रेयाचा विषय निघालाच आहे तर गोंयकारांना मध्ये पडल्याशिवाय राहवत नाही. माझे आजोबा बार्देशातल्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकले, व्हायोलिनवर हात बसवला, आणि पोटासाठी मुंबईला जाऊन आल्टो सॅक्सोफोन हाती घेतला. रात्री हॉटेलात नाचाच्या बँडमध्ये आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात, असे त्यांचे आयुष्य गेले. एक संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवत, आणि वीस-पंचवीस वादकांनी नेमके काय वाजवायचे, मधल्या जागा कशाने भरायच्या, सॅक्सोफोनने गायिकेच्या ओळीला उत्तर कुठे द्यायचे, हे सर्व आजोबा रात्रभर बसून पेन्सिलीने कागदांवर लिहून काढत. चित्रपटाच्या पाटीवर त्यांचे नाव नसे. ते कागद ध्वनिमुद्रण झाल्यावर तिथेच राहत, आणि मग रद्दीत जात. आजोबांच्या हस्ताक्षरातली एकच वही आमच्याकडे उरली आहे, आणि तीही त्यांनी घरी सरावासाठी तबकड्यांवरून उतरवलेल्या पार्करच्या सुरावटींची आहे.

अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही नावे आज काही जणांना माहीत आहेत, पण हयातभर त्यांची संभावना ‘सहायक’ अशीच झाली. आल्डोन्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, निदान ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावर दिसले. बाकीच्यांना तेही नशीब नव्हते. नाट्यरसिक, आपण ‘चाल : अमुक’ या छापील ओळीचा अभिमान बाळगता, मग याच मुंबईत ‘वाद्यमेळ : अमुक’ ही ओळ का छापली गेली नाही? पार्करच्या तबकडीवर रे नोबलचे नाव नसल्याचा तुम्हाला त्रास होतो, आणि आमच्या लोकांची अख्खी पिढी निनावी गेली त्याचा होत नाही.

नाट्यरसिक

हा रोख सी. रामचंद्रांवर असेल तर तो अत्यंत अन्यायाचा आहे. अण्णांनी चिक चॉकलेटना पडद्यावर आणले, हे आपणच लिहिले आहे. मराठी संगीतकारांना चोर ठरवण्यासाठी पार्करची जयंती वापरू नका.

मांडवीकाठ

मी सी. रामचंद्रांचे नावही घेतलेले नाही. ते आपण घेतलेत. आजोबा ज्यांच्याकडे होते ते दुसरे होते आणि त्यांचे नाव मी घेणार नाही. अण्णांबद्दल आमच्या घरात आदरच होता. पण एक माणूस चांगला वागला म्हणून पद्धत चांगली ठरत नाही, आणि माझ्या मुद्द्याला उत्तर देण्याऐवजी मराठी अस्मितेमागे जाऊन उभे राहणे आपल्यासारख्या जाणकाराला शोभत नाही.

सम

श्रेय आणि पैसा हाच विषय आता धाग्याने घेतलेला आहे, तर त्यातलाच एक कागद समोर ठेवतो. १९४६ मध्ये पार्करने डायल कंपनीकडून मिळणाऱ्या आपल्या मानधनाचा अर्धा वाटा लेखी करून एमरी बर्ड या माणसाच्या नावे केला. हा एमरी बर्ड म्हणजेच मूस द मूच. ‘ऑर्निथॉलॉजी’, ‘यार्डबर्ड सूट’, ‘अ नाइट इन ट्युनिशिया’मधला तो चार मात्राखंडांचा अफाट तुकडा, अशा मुद्रणांची अर्धी मिळकत हेरॉइन विकणाऱ्याच्या खिशात जाणार होती. म्हणून मी म्हणतो की सूर आणि सुई वेगळे करता येत नाहीत.

पूर्वांग

हाच कागद माझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. सुईने त्याला काही दिले नाही, त्याचे अर्धे घेतले; आणि तेही लेखी. तुम्ही व्यसन सांगू नका असे मी म्हणतच नाही. व्यसनाने काय नेले ते सांगा. मार्च १९५४ मध्ये त्याची चिमुकली मुलगी प्री गेली, तेव्हा तो घरापासून दूर कॅलिफोर्नियात होता. वर्षभरात, १२ मार्च १९५५ रोजी, न्यूयॉर्कच्या स्टॅनहोप हॉटेलात जॅझवादकांची आश्रयदाती बॅरोनेस निका हिच्या खोलीत दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम पाहता पाहता तो गेला. तपासणाऱ्या डॉक्टरला तो पन्नाशी ओलांडलेला वाटला. वय होते ३४.

आणि ‘इंधन’ या दंतकथेने इतरांचे काय केले, तेही सांगा. बर्डसारखे वाजवायचे तर बर्डसारखे जगले पाहिजे, असे त्या काळच्या कितीतरी पोरांनी धरून ठेवले. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स त्यांतलाच. पार्करला ते कळले तेव्हा तो व्यथित झाला आणि त्याने रॉलिन्सला यातून बाहेर पडायला सांगितले. रॉलिन्स केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या रुग्णालयात उपचार घेत असतानाच पार्कर गेला. सुटलो आहे हे त्याला सांगण्याची संधी रॉलिन्सला मिळाली नाही. पुढे हाच रॉलिन्स पवईच्या आश्रमात येऊन राहिला आणि १९७८ च्या जॅझ यात्रेत मुंबईत वाजवून गेला. व्यसनमुक्त झाल्यावर माणसाने पन्नासहून अधिक वर्षे वाजवले. क्लिफर्ड ब्राउनने तर या कशाला हातही लावला नव्हता. तो मोटार अपघातात पंचविसाव्या वर्षी गेला, पण तोवर ट्रंपेटवर जे करून ठेवले त्याला आजही तोड नाही. त्यांच्या वादनात ‘खरेपणा’ कमी आहे, असे ‘सम’ यांनी एकदा लिहून दाखवावे.

सम

तसे मी लिहिणार नाही, कारण तसे मला वाटत नाही. रॉलिन्सची गोष्ट वजनदार आहे आणि ती मी अमान्य करत नाही. तरीही ‘लव्हर मॅन’ माझ्यापुरते तसेच राहील.

मिझुरीवासी

जयंती कशी साजरी होते, हे इथून सांगतो. पार्करचे पांढरट प्लॅस्टिकचे ग्राफ्टन सॅक्सोफोन इथल्या जॅझ संग्रहालयात आहे. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस आणि मॅक्स रोच यांच्याबरोबर त्याने जे वाजवले ते याच वाद्यावर. काच मध्ये असली तरी ते पितळी वाद्यापुढे किती किरकोळ दिसते हे जाणवते. मलईच्या रंगाचा देह, त्यावर पिवळ्या धातूच्या चाव्या, आणि पारदर्शक आवरणाखाली दबलेल्या काड्या. १९९४ च्या लिलावात शहराने ते ९३,५०० पौंडांना विकत घेतले. ज्या शहरात तो हयात असताना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने जाऊ शकत नव्हता, त्या शहराने. आणि लिंकन दफनभूमीतल्या त्याच्या थडग्यावर कोरलेला सॅक्सोफोन टेनर, म्हणजे आल्टोपेक्षा मोठा आणि खालच्या सुराचा, आहे. आयुष्यभर आल्टो वाजवलेल्या माणसाच्या थडग्यावर टेनर! जयंती साजरी करणाऱ्यांनी आधी त्याचे वाद्य तरी ओळखावे, या पूर्वांग यांच्या आग्रहाशी मी पूर्ण सहमत आहे.

काळी चार

या धाग्यामुळे मी ‘रिलॅक्सिन ॲट कॅमरिलो’ आणि ‘पार्कर्स मूड’ ऐकले. पहिल्याची सम मला अजून नीट सापडलेली नाही. दुसऱ्यात तो एका स्वरावर उतरण्याआधी त्याच्या खालचा अर्धस्वर ज्या रीतीने स्पर्शून जातो, ती जागा मात्र ताबडतोब कळली आणि विद्यार्थिनींना ऐकवली. त्यांना त्याच्या आयुष्याबद्दल मी काही सांगितले नव्हते, आणि त्यांनीही विचारले नाही. परत लावा, एवढेच म्हणाल्या.

पूर्वांग

मग मी त्या लेखाला उत्तर म्हणून जो मजकूर लिहीत आहे त्यात ‘को-को’, ‘रिलॅक्सिन ॲट कॅमरिलो’ आणि ‘पार्कर्स मूड’ यांच्याबद्दल सविस्तर लिहितो, कॅबरे कार्डाचा परिच्छेद घालतो आणि एमरी बर्डचा कागदही देतो. मांडवीकाठ, आपली परवानगी असेल तर आजोबांच्या वहीचा उल्लेख करायचा आहे. एका पानाचे छायाचित्र मिळाले तर फारच उत्तम.

मांडवीकाठ

छायाचित्र पाठवते. आजोबांचे नाव मात्र पूर्ण आणि अचूक छापले जाईल, याची हमी आधी द्यावी.

नाट्यरसिक

‘को-को’बद्दल लिहाल तिथे कंसात ‘चाल’ नव्हे तर ‘कॉर्ड : चेरोकी, रे नोबल’ असे लिहा, मग माझी तक्रार नाही. ‘डोना ली’बद्दलची तक्रार कायम आहे.

सम

आणि ‘लव्हर मॅन’ वगळू नये. पार्करला ते बाहेर यायला नको होते, हे त्याच्या शेजारीच लिहा. तेवढे मी मान्य करतो.